कुत्र्याच्या बाजूने चालणारे बाबा

बाबा, माझ्याकडे आता कुत्री आहे. तुम्ही असता तर आधी विश्वास ठेवला नसता, आणि मग मिशीत हसला असता.

नरखेडकडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत शेजाऱ्यांच्या राखणीच्या कुत्र्याने माझ्या पोटरीचा लचका तोडला, तेव्हा मी दुसरीत होते. इंजेक्शनं झाली, जखम भरली, भीती राहिली. पुढे एकदा काका मला ओढत त्याच कुत्र्यापाशी नेऊ लागला. "हात लावू दे तिले, भेव निघून जाईन." तुम्ही माझा हात सोडवून घेतलात. "राहू दे गा. चावलं तिले, तुले नाही." मग मला म्हणालात, "भेव लागते तर लागू दे. मी कुत्र्याच्या बाजूनं चालतो, तू इकडून चाल." शाळेच्या एसटीपर्यंत तुम्ही वर्षानुवर्षं तसेच चालत आलात. माझ्या भीतीला एकदाही हसला नाहीत.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची कुत्री रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये माझ्यापाशी राहिली. सुरुवातीला मी तिचं भांडं झाडूच्या दांड्याने पुढे सरकवायची. मग दिवाळी आली. खाली सुतळी बॉम्ब फुटतो आणि ती धावत येऊन माझ्या पायांमागे शिरते. तिचं सगळं अंग थरथरतं आहे. कुत्रंही भितं हे ऐकून माहीत होतं, पण ते असं माझ्या पायाला लागून कधी थरथरलं नव्हतं. मी खाली बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर गल्लीतली कुत्रीही वेगळी दिसायला लागली. आधी सगळी सारखीच वाटायची. आता त्यातलं एक म्हातारं आहे, एकीला पिल्लं झाली आहेत, एक उन्हात आमच्या गेटपाशी पाण्यासाठी येतं आणि मी त्याच्यासाठी भांडं भरून ठेवते.

परवा सकाळी दवाखान्यातून ड्यूटी संपवून निघालेली एक नर्स आम्हाला पाहून भिंतीला चिकटली. "काही नाही करत ती," हे माझ्या ओठांवर आलं होतं, सगळे कुत्रेवाले म्हणतात तसं. पण मी पट्टा आखडला, रस्ता ओलांडला आणि कुत्रीला माझ्या आड घेऊन थांबले. "बरं झालं ताई, मले लय भेव लागते," ती जाता जाता म्हणाली. "सावकाश जा," मी म्हटलं. कुत्री मुलाकडून आली, बाबा; तिला घेऊन माणसांतून कसं चालायचं, ते तुमच्याकडून.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. ती हॉलमध्ये झोपते असं मी सगळ्यांना सांगते. झोपते माझ्या गादीवर, मधोमध. मी कडेला.