काट्याला न कळलेलं वजन

सोमवार, दि. ४ फेब्रुवारी १९९१
दुपारचा १ वाजून २० मिनिटं. जेवणाचा डबा धुऊन पालथा घातला आणि लिहायला बसलो.

प्रिय सौ. हिस,
सप्रेम आठवण. वि. वि.

मी सुखरूप पोचलो आणि शुक्रवारी कामावर रुजू झालो. हे भंगाराचं गोदाम आहे. माझं काम वजनकाट्यावर. भरलेला ट्रक आधी तोलायचा, माल उतरवून आला की रिकामा तोलायचा, आणि वजाबाकी करून पावती फाडायची. सातवीनंतर शाळा सुटल्याचं मुकादमांना सांगितलं, तर म्हणाले की वजाबाकी चौथीतच शिकवतात. सहा महिने परीक्षेचे, ३१ जुलैपर्यंत. मग ठेवायचं की काढायचं ते ठरेल.

केबिन चार फूट बाय सहा फूट. परवा मी दिवसभरात मोजून अकरा वाक्यं बोललो. त्यातली नऊ 'थोडं पुढं घ्या' एवढीच होती. खोली तू पाहिलीस तर हसशील. पाय लांब केले की दार उघडतं.

आता निघताना बसपाशी अर्धवट राहिलेलं बोलणं. मी नीट विचार केला आणि सोबतचा तक्ता आखला. जुलैअखेर नोकरी कायम झाली, तर दिवाळं न निघता डिसेंबरात मोठी खोली, पुढच्या उन्हाळ्यात गादी आणि पंखा. त्यानंतर, म्हणजे ऑगस्ट १९९२ पासून, मुलाचा विचार करावा असं मला वाटतं. उद्या मला काढलं तर तीन तोंडं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? तुझं मत कळव. किराणावाल्याच्या फोनवर हा विषय नको, तिथं सगळे साखर घेता घेता ऐकतात.

ताईला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझाच


रविवार, दि. १० फेब्रुवारी १९९१

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

पत्र आणि तक्ता पोचला. तक्ता फार सुबक आहे. लाल शाईच्या रेघा पट्टी लावून मारल्यात, एकही वाकडी नाही. फक्त बाळाला तारीख आधी कळवलीत का, तेवढं लिहा. ताई म्हणाल्या की याने लग्नाचाही तक्ता केला असता, पण तेव्हा लाल शाई संपली होती.

थट्टा पुरे. आधी नोकरी कायम, मग खोली, मग गादी, मग पंखा, आणि पंख्यानंतर माझा नंबर. मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी, हे लग्नात सगळ्यांनी तुम्हाला ऐकवलं होतं आणि तुम्ही कानाआड केलंत. ते आता मोजा. मला तेहतिसावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, हवं असेल तर लांबवू नका. तुमच्या ऑगस्टात मी चौतीस पूर्ण करीन, आणि लगेच होईलच असं कुणी लिहून दिलेलं नाही.

मला थांबायचं नाही. दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश बेतते. काल एका बाईने बाही दोन बोटं वाढवून मागितली, पोर पुढच्या वर्षी वाढेल म्हणाली. मी माप घेता घेता थांबले. एवढंच, बाकी काही झालं नाही.

तरी नोकरी तुमची आहे, भीतीही तुमची. तुम्ही ठरवाल ते मी ऐकेन, पण पटलं असं म्हणणार नाही. जेवताना पाणी जवळ घेऊन बसत जा, ठसका लागला तर पाठीवर थापटायला कुणी नाही.

आठवण ठेवा, आणि तक्त्याबाहेर ठेवा.
तुमचीच


बुधवार, दि. २० फेब्रुवारी १९९१
सकाळचे ६ वाजून ४० मिनिटं. केबिनची काच पुसून झाली, पहिला ट्रक यायचा आहे.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुलाच आहे, हिला लगेच वाचून दाखवू नकोस. तिच्या पत्राला दहा दिवस झाले आणि माझ्याच्यानं उत्तर लिहवेना. तीन कागद फाडले.

माझ्या हातून चूक झाली. गेल्या गुरुवारी एक ट्रक आला. ड्रायव्हरच्या शेजारी त्याची बायको आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांचं पोर. मी भरलेला ट्रक तोलला. पलीकडे माल उतरेपर्यंत ती नळावर पोराचे कपडे धुवायला उतरली, आणि रिकामा ट्रक काट्यावर आला तेव्हा ती नळावरच होती. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. रिकाम्या वजनात ती नाही, म्हणजे तेवढं लोखंड पावतीवर जास्त चढलं. साठ किलो. संध्याकाळी मुकादमांनी माल पुन्हा तोलला तेव्हा उघडं पडलं. ते म्हणाले की भल्या माणसा, तू बाई विकत घेतलीस आणि भंगाराच्या भावात घेतलीस. सगळे हसले. मग मला बाजूला नेऊन म्हणाले की परत असं झालं तर जुलैची वाट पाहणार नाहीत.

सोमवारी तोच ट्रक आला. मी त्या बाईची माफी मागितली आणि तिला एकटीला काट्यावर उभं राहायची विनंती केली. मला नक्की किती फरक पडतो ते लिहून ठेवायचं होतं. पोर कडेवर घेऊन उभी राहिली तेव्हा साठ दाखवलं. मग पोर नवऱ्याकडे दिलं, तरी साठच. आपला काटा वीसवीस किलोंनीच सरकतो, त्याहून थोडकं त्याला कळत नाही. मी पोर परत दे म्हणालो, पुन्हा उतरव म्हणालो. चार वेळा केलं. तिला वाटलं असेल की मी खुळा आहे.

मी ड्रायव्हरला विचारलं की एवढ्याशा जिवाला धुळीत कशाला फिरवता. तो म्हणाला, थोरली मुलगी गावी आजीपाशी ठेवली. सगळं बस्तान बसू दे, मग तिला आणू, असं ठरवलं होतं. ती आता पाच वर्षांची आहे आणि याला काका म्हणते. म्हणून धाकट्याला तो सोडत नाही.

ताई, मला बाबा आठवले. तेही असेच कायम होण्याची वाट पाहत परगावी राहिले. मला त्यांचं अक्षर आधी ओळखू आलं, चेहरा नंतर. मला नोकरी जाण्याची भीती आहेच, पण खरी भीती ही आहे. ती हिला कशी लिहू?

तुझा
भाऊ


मंगळवार, दि. २६ फेब्रुवारी १९९१

चि. भाऊस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून दाखवू नको म्हणालास ते मी पाळलं. पिठाच्या डब्यावर उघडं ठेवलं आणि देवळात गेले.

बाबांचं तुला अर्धंच ठाऊक आहे. ते नोकरी संपवून कायमचे घरी आले तेव्हा तू सहा वर्षांचा. तिसऱ्या दिवशी तू आईला विचारलंस की हे गृहस्थ परत कधी जाणार. बाबा ओसरीवर होते. ते मोठ्यानं हसले, आम्हीही हसलो. मग त्यांनी चप्पल घातली आणि अंधार पडेपर्यंत परतले नाहीत. आईने मला सांगितलं होतं की हे याला कधी सांगू नकोस. आज सांगते, कारण आज उपयोग आहे.

आता इकडचं ऐक. तुझं उत्तर येईना, तसं हिने ठरवलं की आपण फार ताणलं. परवा उरल्यासुरल्या कापडाचं शिवलेलं एक झबलं तिने ट्रंकेत तळाशी घातलं आणि मला म्हणाली की ऑगस्ट तर ऑगस्ट, त्यांना सुखानं नोकरी करू दे. तसं पत्र लिहिलंही होतं. मी ते टाकू दिलं नाही. मी ओळखते तुम्हाला. तिकडून तू तिच्यासाठी हो म्हणशील, इकडून ती तुझ्यासाठी नाही म्हणेल, आणि दोघं दारात उभे राहून 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसाल. घरात कुणीच येणार नाही.

तेव्हा माझा हुकूम आहे. तिने लिहायचं नाही. तू एकदाच लिही, आणि तिला बरं वाटेल ते नको, तुला हवं ते लिही.

डब्यावरचं पत्र मी आले तेव्हा घडी घालून ठेवलेलं होतं.  त्या रात्री तिने पोळ्या चार जास्त केल्या.

तुझी
ताई


रविवार, दि. ३ मार्च १९९१
दुपारचे ४ वाजून १५ मिनिटं. दाराला आतून कडी बसवून झाली, बोटाला चिंधी बांधून लिहितो आहे.

प्रिय सौ. हिस,
सप्रेम आठवण. वि. वि.

ताईचा हुकूम आहे की मला हवं ते लिहायचं. मला मूल हवं आहे आणि ते आता हवं आहे. आणि ते मला काका म्हणायला नको.

पण एवढ्यानं भागत नाही. तू तिकडे, मी इकडे राहून पैसे साठवत बसलो तर मी पुन्हा बाबांचीच पत्रं लिहीन. म्हणून तू इकडे ये. जुलैत कायम करतील की काढतील ते मला ठाऊक नाही. मी मुकादमांना विचारून पाहिलं. ते म्हणाले की बायको आण, निदान तिला तोलताना चुकणार नाहीस. त्यांनी जुलैबद्दल काहीच कबूल केलं नाही, हे तुला आधीच सांगतो. काढलं तर जिथं जाऊ तिथं एकत्र जाऊ. भीती गेलेली नाही. रोज सकाळी असते. पण ती एकट्यानं बाळगण्यापेक्षा तुझ्याशी भांडत बाळगलेली बरी.

गणवेशाचं काम इथंही मिळेल. शाळेसमोरच्या शिंप्याला विचारलं, बेतणारा माणूस हवाच आहे म्हणाला. खोली तीच आहे. पाय लांब केले की अजून दार उघडतं, म्हणून कडी बसवली. ट्रंकेच्या तळाशी जे आहे ते वर घेऊन ये.

तक्ता फाडला. खाली फक्त या आठवड्याचा हिशेब लिहितो, कारण लपवून काही ठेवायचं नाही.

खर्च:
कडी व खिळे १४
दुसरं ताट व पेला ३२
तुझ्या तिकिटासाठी मनिऑर्डर १२०
देणं:
घरमालकीणबाई, मार्चचं भाडं १५०
ताई, जुने ८०
शिल्लक:
९. यात पुढच्या पत्राचं पाकीट आणि टपालाचं तिकीट येतं, पण आणलं नाही. यानंतर पत्र लिहिणार नाही. शनिवारी बसपाशी उभा राहीन.