लोखंडावरच्या रेघा

अप्पा, तुमच्या शेवटच्या लेखात चूक आहे, असं मी परवा तो छापणाऱ्या मासिकाला कळवलं.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तुम्ही आयुष्यभर धातूंचं भौतिकशास्त्र केलंत, मग छातीचं दुखणं घेऊन लोहाऱ्याला परतलात आणि मला शाळेत न घालता स्वयंपाकघराच्या खिडकीशी, सूक्ष्मदर्शकाशेजारी शिकवायला बसवलंत. त्या दिवशी मी दहा वर्षांची आहे. तुमचे हात थरथरतात, म्हणून ताण देऊन झालेला लोखंडाचा तुकडा घासायला माझ्याकडे आलाय. चार पॉलिश पेपर, खरखरीतापासून मऊपर्यंत. दर वेळी तुकडा आडवा फिरवायचा आणि आधीच्या रेघा जाईपर्यंत घासायचं. आई भाकरी थापता थापता म्हणते, "लेकीला भांडी घासू देत न्हाईत, अन् लोखंड घासाय बसवलंय!" तुम्ही हसता. माझी बोटं सोलवटलीत. मी तिसरा पेपर गाळून थेट चौथा घेते. तुकडा आरशासारखा दिसतो.

"समदे झाले?"

"व्हय, अप्पा."

तुम्ही त्यावर आम्ल सोडलंत आणि बारीक रेघा वर आल्या. ताणानं धातूच्या आत उमटलेल्या रेघा, असं तुम्ही लेखात लिहिलंत. ते माझे ओरखडे होते, वरून बुजलेले.

आता मी धाराशिवच्या कॉलेजात तुमचाच विषय शिकवते. मागच्या महिन्यात संशोधन करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. आठ महिने ती त्या रेघा शोधतेय. आपलाच हात वाईट, असं तिला वाटतं. मी डबीत जपून ठेवलेला तोच तुकडा काढून चारही पेपरांवर घासला, आम्ल सोडलं, तीन वेळा. एकही रेघ आली नाही. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे की, माय. गेलेल्या माणसाचं कशाला उकरतीस? त्याचं तेवढंच तर ऱ्हायलंय." मी बरं म्हणाले, तासाला गेले, हजेरी घेतली. घरी येऊन दुरुस्तीचा मजकूर लिहिला. रडू येईल म्हणून थांबले होते, आलं नाही. स्वल्पविराम तेवढे दोनदा तपासले.

चूक कशी झाली, ते एका ओळीत द्यायचं होतं. 'नमुना घासताना लेखकाकडून कसूर झाली,' असं मी लिहिलं. छापण्याआधी एकदा वाचा, म्हणून आज ते परत आलं. लेखकाच्या जागी माझं नाव सहज बसलं असतं. मी वाचलं आणि ठीक आहे, असं कळवलं.