नकाशावरचा पांढरा भाग

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व कुशल असं लिहायला घेतलं आणि हिने खांद्यावरून वाचून पेन धरलं. खोटं लिहू नका म्हणाली. फोनवर बोलायला गेली तर तिला रडू फुटतं, म्हणून पत्र.

आपली भिंगरी बरी नाही. सकाळी उठली की डोकं धरून बसते, ओकते, आणि दुपारी अशी हुंदडते की सकाळचं सगळं नाटक वाटावं. शाळा बुडवायला सोंग करते असं वाटून मी रागावलोही. इथल्या डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं, मग चष्मा दिला. चष्म्यात ती हुबेहूब तुझ्यासारखी दिसते, त्यामुळे घरात जरा धाक आहे.

परवा दुकानात तिच्या फ्रॉकचं माप घेत होतो. सरळ उभी राहा म्हटलं तर मान एका बाजूला कलतेच. मी ओरडलो. तर म्हणते, ती सरळच उभी आहे, दुकान वाकडं झालंय. तेव्हापासून मशीनवर बसतो खरा, पण शिवणीत लक्ष नाही. डोक्याचा फोटो काढावा का विचारलं, तर तसलं मशीन आपल्या अख्ख्या भागात नाही असं डॉक्टर म्हणाले. तू दवाखान्यांचे आकडे मोजणाऱ्या कचेरीत बसतेस, तुला काही सुचतं का?

कळावे. तुझा लोभ आजवर मी एकट्यानेच लाटला, या खेपेस तो भिंगरीला दे.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. इतके दिवस कळवलं का नाहीस?

फोन तर मी केलाच, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहून देते. पत्र हातात पडेल त्या दिवशी निघा. कुठल्या भागातली किती मुलं मेंदूच्या गाठीने दवाखान्यात आली आणि त्यातली किती गेली, याचाच नकाशा मी गेली कित्येक वर्षं करते आहे. मुलं जास्त तिथे रंग गडद, कमी तिथे फिका. तू लिहिलेली लक्षणं मला पाठ आहेत रे. माझं चुकावं, साफ चुकावं.

एवढाच आधार, की आमचं शहर नकाशावर गडद जांभळं आणि तुमचा डोंगराकडचा भाग पांढराशुभ्र आहे. साहेब म्हणतात तिकडची हवाच चांगली, निवृत्तीनंतर तिकडेच घर बांधणार. मीही मनाला तेच सांगत बसले आहे.

मुलांच्या मोठ्या दवाखान्यात शहरातल्यांना खाट आधी मिळते, बाहेरचे ताटकळतात. तेव्हा नाव नोंदवायच्या खिडकीवर पत्ता माझा सांग. मजला, खोली, सगळं पाठ करून ये, तिथे त त प प करू नकोस. सगळेच नातेवाइकांचा पत्ता देतात.

बाकी भेटीत. आशीर्वाद आहेतच, आता ते उपयोगी पडोत.

तुझी,
ताई


२५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. दुकान उघडलं, गिऱ्हाइकं येतात, भिंगरीची चौकशी करतात, मी ऑपरेशन झालं एवढंच सांगतो. गाठ पुरती निघाली नाही हे जिभेवर येत नाही. या दोघींना तुझ्यावर टाकून आलोय. तू कचेरी, दवाखाना, घर असं किती पळणार? हिला स्वयंपाक करू दे, नाहीतर ती नुसती खाटेकडे बघत बसेल.

एक सांगायचं राहिलं. बसमध्ये शेजारी आपल्या पलीकडच्या गावचा गवंडी होता. आपल्या भिंगरीच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा त्याचाच. त्यालाही इथे आधी चष्माच दिला होता. तिकडे आम्ही दोघं एकमेकांना शहरातलेच समजून जपून बोलत होतो, आणि बसमध्ये एकाच थांब्याचं तिकीट काढलं. हसू आलं आणि मग येईना. त्याने मेव्हण्याचा पत्ता दिलाय. खिडकीजवळची ती केस गेलेली मुलगीही आपल्या खोऱ्यातलीच, मामाच्या पत्त्यावर आलेली. ताई, तुझ्या नकाशात ही मुलं कुठे बसतात?

भिंगरीसाठी मऊ कापडाच्या टोप्या पाठवतोय. शिवण बाहेरून घातली आहे, डोक्याला टोचणार नाही.

कळावे. लोभ आहे, शिवाय उपकारही, पण ते म्हटलेलं तुला आवडत नाही.

तुझा,
धाकटा


६ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच बंद केला. आम्ही मुलं मोजतो ती खिडकीवर सांगितलेल्या पत्त्यावरून. तुमची मुलं आमच्या शहरात मोजली जातात. मी स्वतःच्या भाचीला माझ्या हाताने जांभळ्या रंगात घातलं, आणि वर तुमचा भाग पांढरा म्हणून तुला धीर दिला. इतकी वर्षं हेच काम करते, पण डोक्यात आलं नाही.

नवी मशीनं कुठे द्यायची हे या नकाशावरूनच ठरतं. तुमच्याकडे मशीन नाही कारण भाग पांढरा, आणि भाग पांढरा कारण मशीन नाही म्हणून मुलं इकडे येतात.

रद्द झालेल्या नकाशांचे कागद मी भिंगरीला चित्रांसाठी आणते. काल तिने डावीकडचा पांढरा भाग गिरगटून गडद जांभळा केला. का, म्हणून विचारलं. म्हणाली, आपलं घर इथे आहे ना, आत्या रंगवायचं विसरली. तुझी बायको हसली, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण आता याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. खरा पत्ता बाहेर आला तर खाट जाईल. पोर तिथे आहे तोवर मी मुकी. डॉक्टर गाठीला किरणांचे शेक देताहेत, पण आज त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, ते मला आवडलं नाही.

टोपी तिला छान बसली. निळीच हवी म्हणते.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार.

फोनवर तू सगळं ऐकलंस, तरी लिहितो. घरी आणल्यावर ती कापायच्या टेबलाखाली अंथरूण घालून पडायची. मशीनचा आवाज थांबला की डोळे उघडायची, म्हणून मी काम नसतानाही मशीन चालवत राहिलो. मंगळवारी थांबलो तेव्हा तिने डोळे उघडले नाहीत.

काल नोंद करायला गेलो. कारकुनाने दवाखान्याचे कागद बघून तुझा पत्ता उतरवायला घेतला. मी उद्या येतो म्हणून कागद उचलले. तिला तुझ्या शहरात मेलेली दाखवायचं माझ्या जिवावर येतं. पण खरा पत्ता लिहिला तर खोटा कुणी दिला ते निघेल. तू त्याच खात्यात आहेस, पोटावर पाय येईल तुझ्या. तू म्हणशील तसं करतो. मला आता ठरवता येत नाही. फार थकलो आहे.

तुझा,
धाकटा


१८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
पोटाशी धरून आशीर्वाद.

खरा पत्ता लिही. तुझी गल्ली, तुझं दुकान, सगळं. आज सकाळी साहेबांना मीच सांगितलं की खोटा पत्ता माझा होता आणि सल्लाही माझा. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चौकशी होईल म्हणाले. होऊ दे. तू माझी काळजी करून आणखी एक ओझं घेऊ नकोस. दुपारी जेव, बायकोलाही जेवायला बसव.

तुझी,
ताई


३० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझी नोंद आली. पाठोपाठ गवंड्यानेही मुलाचा पत्ता बदलून घेतला. त्याच्या मुलाचं ऑपरेशन नीट झालंय, खाट आता लागत नाही. खिडकीजवळच्या मुलीचे वडील तयार नाहीत. ती अजून खाटेवर आहे, मी कुठल्या तोंडाने सांगू?

माझी बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिथे खिडकी नाही, पण नकाशेही नाहीत. जायच्या आधी शेवटचा नकाशा मीच काढला. तुमच्या भागाला रंग लागलाय. सगळ्यात फिका, इतका की साहेबांना कागद उजेडात धरावा लागला. एवढ्यावर मशीन मिळत नाही, असं ते हळूच म्हणाले. मी नमस्कार करून आले.

भिंगरीने रंगवलेला कागद कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. खरा नकाशा तोच, धाकट्या. कधी आलास तर दाखवीन.

लोभ कोणावर करायचा ते आता कळत नाही, तूच तो सांभाळ.

तुझी,
ताई