उजवीकडून दिलेला चेंडू

सर, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होतात, त्याच्या दुपटीहून मोठा होऊन मी हे लिहितो आहे. आज आपण समोरासमोर आलो तर तुम्हाला 'अहो' म्हणणारा मीच म्हातारा दिसेन. नगरच्या आपल्या हायस्कूलमागचं मुरमाचं मैदान, लोहाराकडून करून घेतलेल्या, चेंडू टाकायच्या दोन कड्या आणि गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभे असलेले तुम्ही, एवढं मात्र अजून जसंच्या तसं दिसतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं ती वर्षं. मद्रासकडे शिकून आलेला बास्केटबॉल तुम्ही आम्हाला शिकवत होता आणि शाळेत सगळ्यांत जास्त गोल माझे व्हायचे. मी बुटका, पण नेम पक्का. त्याचा माज होता. एक दिवस तुम्ही खेळ थांबवलात आणि मला विचारलंत, आपला जामखेडचा उंच गडी चेंडू कुठल्या बाजूनं आला की धरतो आणि कुठल्या बाजूनं आला की सोडतो? मला सांगता येईना. तो धसमुसळा आहे, सगळेच सोडतो, असं काहीतरी मी बोललो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "आठ दिवस तू कडीकडं बघायचं नाहीस. चेंडू तू न्यायचास, आणि बघायचं ते चौघांकडं."

मला तो अपमान वाटला. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. पण बघण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून बघायला लागलो. एकाला पळता पळता पुढ्यात चेंडू लागतो, दुसऱ्याला आधी हाक मारावी लागते, तिसऱ्याच्या हाती सुरुवातीलाच एकदा चेंडू पडला नाही तर तो रुसतो आणि मग त्याचे पायच उचलत नाहीत. जामखेडच्याचं मात्र कळेना. ते कळलं बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात. ज्वारी निवडायची आमची दोघांची पाळी होती. तो सुपातले खडे वेचताना मान सारखी उजवीकडं वळवून बघत होता. मी सरळ विचारलं. त्यानं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "उजव्या डोळ्यानं न्हाई दिसत मला. ल्हानपनी ज्वारीचं धाट घुसल्तं. सरास्नी सांगू नगंस, न्हाईतर काढून टाकत्याल." मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी चेंडू मैदानाच्या डाव्या कडेनं न्यायला लागलो. तो चेंडू धरू लागला. धरतो हे कळल्यावर उड्या मारू लागला, आणि महिन्याभरात ज्याला आम्ही खांब म्हणायचो तो शाळेचा सर्वांत भारी गडी झाला. माझे गोल कमी झाले आणि आम्ही जिंकू लागलो. तुम्ही एकदा माझ्याकडं बघून नुसती मान हलवलीत. बक्षिसं पुढं बरीच मिळाली, त्या मान हलवण्याची सर कशाला आली नाही.

मग भिंगारच्या छावणीत शिपायांच्या संघाशी सामना ठरला. ते वयानं आणि अंगानं दांडगे, तरी शेवटच्या मिनिटाला आम्ही एकाच गुणानं मागं आहोत. चेंडू माझ्याकडं. एका शिपायानं मला उजव्या कडेला रेटलं आहे, पण माझ्यापुढं कडीपर्यंत वाट मोकळी आहे. सर, मी कडीकडं बघितलं. सगळ्यांसमोर चुकलो तर, एवढंच मनात आलं आणि मी चेंडू जामखेडच्याकडं भिरकावला. उजवीकडून. तो त्याच्या कानशिलावर आदळून बाहेर गेला, आणि सामना संपल्याची शिट्टी झाली.

तुम्ही माझ्या खांद्यावर टॉवेल टाकलात. म्हणालात, "दिलास ते बरोबर केलंस. मोकळा तोच होता." परतीच्या वाटेवर पोरं त्याला नाही नाही ते बोलली. चेंडू उशिरा दिसला, एवढंच तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं, पण माझं नाव काढलं नाही. आणि मी? डोळ्याचं कुणाला सांगायचं नाही असा शब्द दिलाय, असं मनाशी म्हणत गप्प चालत राहिलो. चूक माझी, हे डोळ्याचं न सांगताही सांगता आलं असतं.

तो त्यानंतर खेळायला आला नाही. परीक्षा झाल्यावर गावी गेला. पुढल्याच वर्षी तुम्ही विषमज्वरानं गेलात, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मी मास्तर झालो, मग हेडमास्तर. माझ्या हाताखालच्या मास्तरांत कुणाला काय कुठून द्यावं लागतं हे मी आधी बघत असे. लोक त्याला माझी हुशारी म्हणत. ती तुमची होती.

हे पत्र घडी करून कपाटातच ठेवणार आहे. घरात कुणी वाचू नये, याला कारण आहे. नातवंडांना मी या सामन्याची गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे, आणि सर, माझ्या सांगण्यात मी चेंडू डावीकडून देतो, आणि तो गोल करतो.