सुरी खाली ठिवलीया

रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. हे आधीच सांगते, म्हंजे अक्षर वाकडं आलं तर कुणी म्हणायला नको की बाई शुद्धीत नव्हती. घाबरलीय, पण शुद्धीत हाय. माझ्या गळ्यात गाठ हाय, ती आज काढायची. काल सांजच्याला शिस्टरनं एक कागद सहीला दिला. बाकीच्या बाया न वाचताच सही करत्यात. मी सातवी शिकलेली, अक्षरं लावून लावून वाचत बसले. त्यात व्हतं की जीव जाऊ शकतो, आन जीव ऱ्हायला तरी आवाज जाऊ शकतो. सही केली. पण झोप गेली ती गेलीच.

आता सकाळचं सात वाजल्यात. अकराला आत नेणार.

तर मी, दिपाली रविराज खारतोडे, वय एकोणतीस, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर, माहेर शेळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आन माझ्या मनानं लिवते. कुणी लिव म्हणलं न्हाय, कुणी धाक घातला न्हाय. शेजारच्या खाटंवर अक्काबाई म्हणून म्हाताऱ्या हायत, त्यांनी नियम सांगितला. दोन साक्षीदार लागत्यात, आन ज्यांना काय मिळणार त्यांची सही घ्यायची न्हाय. मी म्हणलं, "असलं लिवलं तर अपशकून न्हाय का व्हायचा?" तर म्हणल्या, "माझं दोनदा लिवून झालंय. बघ, हितंच हाय मी."

पयलं. घर आत्याच्या नावावर हाय, म्हंजे माझ्या सासूबाई बनाबाईंच्या. जमीनबी त्यांची. ते मला कुणाला देता यायचं न्हाय. डोरलं छकुलीचं, ती माझी लेक, साडेसहा वरसांची. बचत गटात साठलंय ते तिच्या शाळंला.

दुसरं. माझ्या नावावर म्हणाल तर सुऱ्या हायत. सात. म्या सर्जेराव आचाऱ्यांच्या हाताखाली लग्नाकार्यात भाजी चिरते, छकुली आठ महिन्यांची व्हती तवापास्नं. समद्या सुऱ्या म्या बाजारात हातात धरून, बोटावर तोलून घेतल्यात. जुन्या जीनच्या कापडाची गुंडाळी शिवलीय, एकेकीला एकेक कप्पा. पत्र्याच्या पेटीत वर हाय. एक तेवढी म्या बरूबर आणलीय, तिचं पुढं सांगते.

कांद्याची सुरी सर्जेरावांना द्यावी. हिचं पातं लांब आन धार सरळ. फळीवर टेकली की टोकापास्नं मुठीपतूर टेकली पायजे, न्हायतर कांद्याच्या फोडी एकमेकीला चिकटून माळ व्हती. सर्जेरावांनी भवानीनगरच्या एका लग्नात ह्याच सुरीनं तेलाचा डबा फोडला आन टोक मोडलं. म्हणले, "अगं, टोकानं कुठं कांदा चिरत्यात?" त्यांना कळंल आता. टोक मोडलेलीच द्यावी, नीट करून देऊ नये.

दात्याची सुरी आत्यांना. टमाट्याची साल गुळगुळीत, साधी धार वरनं घसरती आन खाली गर चेंगरतो. दातं साल धरत्यात. आत्या सहा वरसं म्हणत आल्यात, "आमी जल्मभर इळीवर बसलो. हिलाच सुऱ्या लागत्यात." आन मी कामाला गेले की हीच सुरी काढून टमाटी चिरत्यात, धुवून परत ठिवत्यात, पर उलट्या कप्प्यात ठिवत्यात. मला म्हाईत हाय, आत्या. आता राजरोस वापरा. आन येत्या खंडेनवमीला तुमच्या इळीशेजारी माझी गुंडाळीबी पूजेला मांडा. "ती काय हत्यारं हायत व्हय" म्हणू नका. घरात भाकरी त्यांच्यावरबी आलीय.

सत्तूर छकुलीच्या पप्पांना. जड हाय, पातं चौकोनी, भोपळा आन नारळ ह्याच्याच कामाचं. तितं धार कमी चालती, वजन लागतं. पप्पांनी माझ्या बारक्या सुरीनं ट्रॅक्टरच्या वायरी सोलल्या व्हत्या, ते म्या इसरले न्हाय. सत्तूर घ्या, बाकी कशाला हात लावू नका. तुमी सवभावानं चांगलं हाय, हेबी लिवते. साखर कारखाना चालू झालाय, तरी उसाची रात्रीची खेप टाकून धा वाजता येतो म्हणलाय.

बारकी टोकदार सुरी छकुलीला, धा वरसांची झाली की. तळहाताएवढी हाय. बटाट्याचं डोळं काढायचं, लसूण सोलायचा. पातं आखूड आसलं की टोक कुठं चाललंय ते बोटाला कळतं, म्हून पयली सुरी हीच. रुंद पात्याची आन पोटाला गोल, ह्या दोन्हीबी तिच्याच, पर सोळानंतर. रुंद ती कोबीची, चिरलेलं पात्यावरच उचलून घमेल्यात टाकता येतं. गोल पोटाची कोथिंबिरीची. ती उचलून मारायची न्हाय, टोक फळीवर ठिवून झुलवायची, न्हायतर कोथिंबीर काळी पडती. छकुले, सुरी घेताना रंग बघू नको. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापतूर गेलंय का बघ. आन आधी काय कापायचं ते ठरव, मग सुरी उचल. मी एकदा उलटं केलं.

तिसरं. मी न्हाय ऱ्हायले तर छकुलीच्या पप्पांनी दुसरं लग्न करावं, माझा राग न्हाय. घरात बाई पायजे. पर छकुलीला मागं माझ्या बाजूचं हक्काचं माणूस पायजे. ती रुसून बसली तर जायाला एक घर पायजे. आई दोन वरसांपूर्वी गेली. ऱ्हायला एक माझा थोरला भाऊ, जोतीराम. आन छकुली त्याला वळखत न्हाय. तिचं जावळ काढलं तवा मामाच्या मांडीवर बसवायचं आसतं. मामा नव्हता. शेजारच्या मोहनरावांच्या मांडीवर बसवली. ती रडली, आन समदी म्हणली कातरीला भ्याली.

हे का झालं ते म्या समद्यांना एक सांगितलंय. आज खरं लिवते.

जोत्याची शेळगावात डाळिंबाची बाग हाय. त्यानं घर बांधलं तवा माझ्या पयल्या कमाईतनं दोन सुऱ्या घेतल्या, जोडीच्या. आखूड पातं, टोक चोचीवानी वाकडं. डाळिंब उभं कापलं तर दाणं फुटत्यात आन हात लाल. हिनं नुसती साल वरनं चिरायची, मग अंगठ्यानं फाकवायचं, एक दाणा फुटत न्हाय. एक मला ठिवली, एक वास्तुशांतीला त्याच्या हातात दिली. आई चुलीपास्नं म्हणली, "हातात देऊ नको गं, खाली ठिव. त्याला उचलू दी. भांडण लागतं." आमी दोघंबी हसलो.

महिन्याभरात त्याच्या सासरवाडीला लग्न निघालं, आन आचारी कोण, तर सर्जेराव. मी मांडवामागं पोत्यावर बसून टमाटी चिरत व्हते. जोत्या सासरच्या चार माणसांबरूबर तितनं गेला. माझ्याकडं बघितलं आन नजर पुढं नेली, जसं काय कोण कामकरीण बसलीय. एवढंच म्या आजवर समद्यांना सांगितलंय.

पुढचं सांगितलं न्हाय. थोड्या येळानं तो एकटा परत आला. हातात पाण्याचा तांब्या. म्हणला, "दिपे, जेवलीस का?" म्या मान वर केली न्हाय. म्हणलं, "पाव्हणं, पंगतीत जाऊन बसा. हितं कामगार बसत्यात." तो म्हणला, "दिपे, ऐक तर." म्या सर्जेरावांना हाक मारली, "आवो, हे कोण पाव्हणं हितं वाट चुकल्यात, ह्यांना मांडवात न्या." सर्जेराव हसलं. तो तांब्या तितंच ठिवून गेला.

त्या रागात हाताला आली ती सुरी उचलली, कोबीची. टमाट्यावरनं घसरली. डाव्या हाताच्या बोटाचं टोक आजून बधिर हाय. मी म्हणत ऱ्हायले आईचं खरं झालं, सुरी हातात दिली म्हून भांडण लागलं. सुरीनं काय केलं न्हाय. तो एकदा चुकला आन परत आला. मी चुकले आन परत गेले न्हाय. त्यानं जावळाच्या आधी तीनदा फोन केला, तिन्ही टायमाला म्या कट केला. साडेपाच वरसं.

आईच्या धाव्याच्या इधीला शेळगावला गेले तवा बोलले न्हाय. पर त्याच्या सैपाकघराच्या फळीवर ती डाळिंबाची सुरी बघितली. मूठ नवी बसवलेली. पातं घासून घासून बारीक झालेलं, पर टोक तसंच. रोज वापरल्याशिवाय पातं असं झिजत न्हाय. बघितलं, चपला घातल्या आन एसटी धरली. घरी आल्यावर म्हणलं, उद्या फोन करते.

चौथं. माझी इच्छा अशी की छकुलीच्या बाबतीत शाळा, आजारपण, लग्न, काहीबी ठरवायचं झालं तर पप्पांनी जोतीरामला इचारावं. दिवाळीच्या आन उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला शेळगावला पाठवावं. आत्या नको म्हणल्या तरी पाठवावं. आत्या, तुमी नको म्हणालच, म्हून हितं लिवलंय.

आता डॉक्टर येऊन गेलं. म्या इचारलं, "सर, कुठल्या सुरीनं कापणार?" हसलं. म्हणलं, "का हो?" म्या म्हणलं, माझं कामच ते हाय. मग नीट सांगितलं त्यांनी. पातं बारकं आसतं, नखाएवढं, पोटाला गोल. आवाजाची शीर गाठीला लागून हाय, तितं मोठं पातं न्यायचं न्हाय. बरूबर हाय. म्याबी तसलंच उचललं आसतं. भ्या गेलं न्हाय, पर पुढचं लिवायला घेतलं.

हे मृत्युपत्र म्या वाचून दाखवलं, ऐकून दोघींनी माझ्यासमोर सह्या केल्या आन म्याबी त्यांच्यासमोर केली. मी जगले तरी तिसरं आन चौथं कलम तसंच धरावं. सुऱ्या मातर मग माझ्या मलाच ऱ्हातील. सर्जेरावांना मोडलेली तरीबी द्यावी.

सही : दिपाली रविराज खारतोडे

साक्षीदार १ : अक्काबाई ज्ञानदेव सोनवणे, राहणार इंदापूर (शेजारची खाट)
साक्षीदार २ : करुणा रविंद्र भोसले, शिस्टर

ठिकाण : बारामती
तारीख : १८ नोव्हेंबर २०२५

सहीच्या खाली लिवलेलं चालतं का म्हाईत न्हाय, अक्काबाई म्हणत्यात लिव.

जोडीतली दुसरी सुरी, माझी, ती हितं खाटंजवळच्या कपाटावर हाय. पप्पांनी काल डाळिंब आणलं व्हतं, मला रात्रीपास्नं काय खायचं न्हाय, म्हून ते तसंच तिच्याशेजारी हाय. म्या काल चारदा फोन हातात घेतला. माझ्यानं व्हईना. आत गेल्यावर आवाज ऱ्हातोय का न्हाय सांगता येत न्हाय, आन त्याच्याशी माझा शेवटचा शब्द "पाव्हणं" ऱ्हायला नको. नंबर ह्याच वहीच्या पाठच्या पानावर मोठ्या अक्षरात लिवलाय, जोतीराम म्हणून. जो कुणी हे वाचत आसल, शिस्टर आसू दे न्हायतर झाडणाऱ्या मावशी, त्यांनी मी बाहेर यायची वाट बघू नये. आत्ताच माझ्या भावाला फोन करावा आन एवढंच सांगावं, दिपीनं सुरी खाली ठिवलीया, येऊन उचल.