पाहुण्यांच्या चहाचा स्टो

१० जुलै १९६७, पाम
आज भिशी आमच्या खोलीत. जमलेल्या सगळ्या घाटावरच्या; नवरे अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर, बायका धुरात. रोख हातात दिली की संध्याकाळी ती पुरुषाच्या खिशात, म्हणून आम्ही वस्तूच घेतो. जिचा नंबर तिला वातीचा स्टो. ह्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत, शेजारच्या कमळला द्यायचं ठरलं. पहिलटकरीण, चौथा महिना. खोकला असा की भिंतीअलीकडे आमचा घास अडतो. पालघरचे डॉक्टर म्हणाले, धूर टाळा. जळण सुरूच्या लाकडाचं, ओलं. टाळा म्हणे.

१३ जुलै
ह्यांनी पालघरहून स्टो आणला. एस्टीत मांडीवर, फडक्यात गुंडाळून. तान्हं मूल समजून एकीने बसायला जागा दिली. कमळने हळदकुंकू वाहिलं. तिची सासू, आक्का, लांबून बघत होत्या, विहिणीचा आहेर बघावा तशा.

१९ जुलै
खोकला तसाच. जाऊन पाहिलं. स्टो बाहेरच्या खोलीत टेबलावर, वर क्रोशाचा रुमाल. कमळ आत, फुंकणी तोंडाला.
"आक्का, स्टो?"
"पावण्यांच्या च्याला. त्याच्यावरची भाकर खायाची व्हय? राकेलचा वास मारतोय. आन् देवाला निवद काय राकेलवरचा दावू?"
देवाला धूर चालतो. देवाला फुप्फुसं नसावीत.

२४ जुलै
आमचा स्टो घरात येऊन वर्ष झालं, तरी ह्यांना भाकरी चुलीवरचीच. आज स्टोवरची वाढली, चुलीची म्हणून. "ह्याला म्हणतात चव. त्या डबड्याला जमायचं नाही." आणखी एक मागून घेतली. नवऱ्याला अधूनमधून ज्ञानी राहू द्यावं.
मग सुचलं. कमळला म्हटलं, भाकऱ्या आमच्याकडे येऊन भाजत जा.

२ ऑगस्ट
चाललंय. आक्का देवळात पोथी ऐकायला गेल्या की कमळ येते, भाजते, पदराखाली टोपली नेते. खोकला उतरलाय. तिचा वसंता, प्रकल्पावर फिटर, जेवताना म्हणाला म्हणे, हल्ली भाकरीला गावाकडची चव लागते. पोर सांगताना हसली. पहिल्यांदाच पाहिलं.

११ ऑगस्ट
सापडलो. आक्का पोथी अर्धी टाकून आल्या, दारात उभ्या.
"सून माझी आन् सैपाक तुमच्यात. गावाकडं कळलं तर म्हंतील, आक्कानं चूल इझवली."
कमळने तव्यावरची भाकरी कच्चीच उचलली. संध्याकाळी वसंताला गाठलं. "काकू, खरंय तुमचं, पण आईच्या मनाविरुद्ध..." पुढचं वाक्य अजून यायचंय.
घरमालकीण जानकीबाय सगळं बघत होती. म्हणाली, "आमी झावल्या जालतो, दुसरा काय नाय म्हनून. तुमच्याकडं हाय, तरी नाय."

१० सप्टेंबर
भिशी. म्हटलं, कमळच्या घरी वापरत नाहीत तर स्टो परत आणून तिलाच इथे बसून वापरू द्या. मग एक हळूच, "आमचाबी पावण्यांसाठीच हाय." दुसरीचा ट्रंकेत, नणंदेच्या लग्नात द्यायला. बाकीच्या पायाच्या नखाकडे बघत होत्या. पुढच्या खेपेपासून नुसते क्रोशाचे रुमालच घ्यावेत. स्वस्त पडतील.

२८ सप्टेंबर
कमळला सकाळी धाप लागली, ओठ निळे. प्रकल्पाची जीप मिळाली म्हणून पालघरला वेळेवर. डॉक्टर वसंताला बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. ऐकून घ्यायचं त्याला वळण आहे.

४ ऑक्टोबर
कमळची आई न्यायला आली. सातवा महिना, तसंही माहेरी जायचंच. डोळे पुसत मी कमळला म्हटलं, तिकडे आराम मिळेल.
"काकू, आईकडंपण चूलच हाय."

१२ ऑक्टोबर
पलीकडून रॉकेलचा वास आला म्हणून गेले. आक्का स्टोपुढे बसून भाकरी थापत होत्या.
"वय झालं बाई. धूर सोसत न्हाई आता."
"आणि निवद?"
"देव समजून घेतोय."
कोपऱ्यातली चूल ताजी सारवलेली. म्हटलं, पेटवत नाही, मग ही कशाला?
"कमळी बाळंतीन हून यील की."

२१ ऑक्टोबर
कमळचं कार्ड. डोहाळजेवण झालं, तब्येत बरी. शेवटी: काकू, मी परत येऊ ना?
उत्तराला बसले. ख्यालीखुशाली लिहून झाली. त्यापुढचं कार्ड अजून कोरंच.