जागेवर आढळून न आलेले घर

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
घरबांधणी नोंदणी कार्यालय,
थाबा-लेहलोआ डोंगरी विभाग, लेसोथो.

अर्जदार : सेआबाता रामाखुला, गवंडी, मु. हा-मोलुमो, वरची वाडी.

विषय : माझे घर जागेवर उभे असून त्यात पाच माणसे राहतात, हे कार्यालयाने मान्य करण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. घ. नों. ४१७, दि. २२ एप्रिल. ("सदर जागेवर घर आढळून आले नाही.")

महोदय,

१. वरील पत्र मी माझ्या घरात, माझ्या शेगडीशेजारी बसून वाचले. आपला शिपाई ते घेऊन माझ्या दारातून आत आला, गारठला होता म्हणून दोन कप चहा प्याला आणि पोच घेऊन गेला. पत्र म्हणते इथे घर नाही. मग शिपायाने चहा कुठे घेतला, याचा खुलासा कार्यालयाने करावा.

२. सदर जागा गावप्रमुख मोरेना सेखोमे यांनी मला दोन वर्षांपूर्वी रीतसर दिली. दोन वर्षांत घर बांधले नाही तर जागा परत जाते, हा नियम मला ठाऊक आहे. मी शाळा पाहिलेली नाही. एकोणीस वर्षे सीमेपलीकडच्या खाणीत होतो, तिथे सुरुंगाच्या पेट्यांवरच्या सूचना वाचून अक्षरे शिकलो. तेव्हा नियम वाचताना मी एक शब्द सोडत नाही. सोडला की काय होते ते मी पाहिलेले आहे.

दगड मी स्वतः फोडले. भिंत गावाने एकत्र येऊन उभी केली. आमच्याकडे अशा कामाला मजुरी नसते, मालकाने बिअर गाळायची आणि जेवण घालायचे. ते मी घातले. गवत कापून छपर शाकारले. घर गोल बांधले, कारण इथे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत जो वारा सुटतो तो गोल भिंतीवरून घसरून जातो आणि एका शेगडीत सगळे घर उबदार राहते. माझी आई, म्मे मालेफा, वय अठ्ठ्याहत्तर, छाती अधू, हिचे म्हणणे असे की थंडीला बसायला कोपरा मिळाला की ती उठत नाही. म्हणून कोपरा ठेवला नाही. इथूनच माझी दशा सुरू झाली.

३. आपल्या फॉर्ममध्ये लांबी व रुंदी असे दोन रकाने आहेत. गोल घराला मी लांबी कुठून आणू? मी दोन्ही रकाने मोकळे सोडून खाली "घर गोल आहे" असे लिहिले. फॉर्म "अपूर्ण" म्हणून परत आला. मग दोन्ही रकान्यांत "गोल" लिहिले. "विसंगत" म्हणून परत आला. तिसऱ्या वेळी मी रकान्यात घराचे चित्रच काढून दिले, तेव्हा कुठे आपल्या कार्यालयाने मोजणीदार पाठवला.

४. मोजणीदार न्ताते मोथिबेली हे भले गृहस्थ आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांची फीत पाच मीटरची आणि माझ्या घराचा घेर त्याहून चांगला मोठा. ते मला आदराने म्हणाले, "न्ताते, सुरुवात कुठून करू?" मी म्हणालो, "कुठूनही करा." तर म्हणाले, "कुठूनही कसं चालेल? सरकारी मोजणी कोपऱ्यापासून सुरू होते."

नेमके त्या दिवशी बायका बाहेरच्या भिंतीला शेणामातीचा गिलावा करत होत्या. मोथिबेलींनी खूण म्हणून ओल्या भिंतीवर पंजा उमटवला आणि मोजत निघाले. वळसा घालून येईपर्यंत माझी बायको मापुलेंग हिने तो पंजा पुसून त्यावर बोटांनी नक्षी काढली होती. ते ओरडले, "म्मे, तो पंजा सरकारी होता!" ती म्हणाली, "असू दे. भिंत माझी आहे. दगड बाप्यांचे, नक्षी बायकांची. तुमच्या कचेरीत जाऊन मी कधी हात उमटवले का?"

दुसऱ्या फेरीला त्यांनी आपली गवती टोपी खूण म्हणून जमिनीवर ठेवली. माझ्या आईला वाटले, साहेब टोपी विसरले. ती टोपी उचलून, काठी टेकत, "अहो साहेब, उन्हानं डोकं तापेल," म्हणत त्यांच्या मागून अख्खा वळसा फिरली. तिसऱ्या फेरीला त्यांनी स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवला, ते सगळ्यांत वाईट झाले. शेवटी ते मातीत बसले आणि मला म्हणाले, "न्ताते सेआबाता, हे घर संपतच नाही हो."

त्यांचा अहवाल मी पाहिला आहे. "कोपरे : शून्य. लांबी : नाही. रुंदी : नाही. घेर : मोजणी चालू." यावरून आपल्या कार्यालयाने काढलेला निष्कर्ष : घर आढळून आले नाही.

५. मी आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन विचारले. तिथल्या बाईंनी दया येऊन सांगितले, "बाबा, एक तरी कोपरा करून आणा. बाकीचे तीन मी लिहून टाकते." मी परत गाव गोळा केला, परत बिअर गाळली आणि चांगल्या गोल भिंतीला बाहेरून दगडाचा एक कोपरा चिकटवला. सगळे हसत होते. शेजारचा लेबोने म्हणाला, "सेआबाता, घराला नाक फुटलं रे!" मी ऐकून घेतले. जो वारा पूर्वी गुपचूप निघून जायचा तो आता त्या नाकाला धडकून गुरासारखा हंबरतो. आई म्हणते, बाहेर कुणाचा तरी बैल अडकलाय, सोडून ये. मी दोनदा सोडायला गेलो.

आणि आपल्याकडून काय आले? नोटीस : "मोकळ्या जागेवर विनापरवाना कोपरा बांधल्याबद्दल खुलासा करावा." महोदय, तुमच्या माणसाला वीस पावलांचे घर दिसले नाही आणि हातभर कोपरा दिसला! ही नजर मला कुठे मिळेल ते कळवा, माझ्या आईला मोतीबिंदू आहे.

६. हसण्यावारी नेण्यासारखे हे राहिलेले नाही. आपल्या पत्रानुसार मुदत संपली म्हणून ३१ मे रोजी माझी "मोकळी" जागा दुसऱ्या अर्जदाराला देण्यात येणार आहे. जूनमध्ये इथे बर्फ पडतो. अधू छातीची म्हातारी आणि दोन मुली घेऊन मी त्या बर्फात कुठे जायचे? नवे घर बांधायचे म्हटले तर हिवाळ्यात गिलावा गोठून गळून पडतो. दुसऱ्याच्या घरात राहायला पाठवले तर आई दोन दिवसांत परत येईल, कारण ती हट्टी आहे. आणि घर नाही म्हणून तिला कोणी बाहेर काढू लागले तर ती काठी उगारेल. हे धमकी म्हणून लिहिलेले नाही, तिचा स्वभाव सांगितला.

७. सबब मागणी एवढीच. फॉर्मवर "गोल" असा एक रकाना छापावा. छापखान्याला वेळ लागत असेल तर पेनाने काढावा, मी पेन देतो. तेही जमत नसेल तर ३१ मेच्या आत आपण स्वतः यावे आणि माझ्या भिंतीवर डोके आपटून पाहावे. लागले तर घर आहे.

८. ज्यांना माझी जागा मंजूर झाली ते न्ताते खाउहेलो परवा जागा बघायला आले होते. बिचारे घर पाहून ओशाळले. त्यांना बसवले, मक्याच्या पिठाचा घट्ट पापा आणि पालेभाजी वाढली. जेवता जेवता म्हणाले, "जागा झकास आहे, पण कागदावर तर मोकळी होती." मग मी गवंडी आहे हे कळल्यावर त्यांनी आपल्या घराचे काम मलाच सांगितले. कसले घर बांधायचे म्हणून विचारले, तर माझ्याकडे वेड्याकडे बघावे तसे बघत म्हणाले, "इथल्या वाऱ्यात आणखी कसलं? गोल."

महोदय, मी कामाला पक्का आहे. त्यांचे घर दोन वर्षांच्या आत उभे राहील. म्हणजे दोन वर्षांनी ही जागा पुन्हा मोकळी सापडेल. त्या वेळी ती मला मिळावी म्हणून माझा अर्ज आजच नोंदवून घ्यावा.

आपला, अद्याप घरातच असलेला,
सेआबाता रामाखुला
हा-मोलुमो, दि. ९ मे

सोबत :
(१) मोरेना सेखोमे यांचा जागेचा कागद.
(२) घर डोळ्यांनी पाहिलेल्या चौदा माणसांचे अंगठे. त्यात आपल्या शिपायाचाही आहे.